कै. कढीपत्ता आणि ताईच्या सासूबाई

माझ्या ताईच्या सासूबाईंना परका माणूस म्हणजे काय, हे अखेरपर्यंत कळलं नाही. जगात माणसं दोनच प्रकारची, एक ओळखीची आणि दुसरी अजून आपल्याकडे चहा न घेतलेली, अशी त्यांची पक्की समजूत होती. ती समजूत बरोबर घेऊनच त्या साताऱ्याहून थेट न्यू जर्सीत, वेस्ट विंडसरला, लेकाकडे राहायला आल्या. टपालवाल्याची गाडी दिसली की ताकाचा पेला घेऊन रस्त्यापर्यंत जायच्या. सुरुवातीला तो बिचारा गाडी दामटून निघून जायचा, पण पुढे हिंग-जिऱ्याच्या ताकाची त्याला अशी चटक लागली, की आमच्या घरचं पत्र नसलं तरी थांबायचा. भिंतीवरच्या फोनवर राँग नंबर आला तर तो त्या वाया जाऊ देत नसत. एकदा कुणा बाईशी कितीतरी वेळ बोलत होत्या, या मराठीत, ती इंग्रजीत. फोन ठेवून मला म्हणाल्या, "तिच्याकडंही पाऊस आहे. सुनेशी फारसं पटत नाही वाटतं."

मी त्या घरात आले ती ताईची तान्ही लेक सांभाळायला. शाळा आठवीतच सुटलेली, इंग्रजी 'थँक्यू'पाशी संपणारं. ताईनं आणि दाजींनी मला एवढ्या लांब आणलं, स्वतंत्र खोली दिली, या उपकारानं मी इतकी वाकलेली, की कपबशी जरा जोरात ठेवली गेली तरी आता आपल्याला परत पाठवतात असं वाटायचं. दाराची बेल वाजली तर काय बोलायचं याची मला सतत धास्ती. पण ती वाजायचीच नाही. मला त्यात सुख होतं आणि सासूबाईंना तेच सोसत नव्हतं. "ज्याचं दार वाजत नाही ते घर म्हणायचं का कपाट?" असं त्या दाजींना विचारायच्या, आणि दाजी न्यूयॉर्कची गाडी पकडायला पळायचे.

अशात त्यांना कळलं, की या देशात वर्षातून एक संध्याकाळ अशी येते, की लोक न बोलावता, फोनसुद्धा न करता, आपण होऊन दारात येतात. आदल्या वर्षीच्या हॅलोविनला, पोरं भुतांची सोंगं घेऊन दारोदार खाऊ मागतात त्या संध्याकाळी, त्या चॉकलेटांचं पातेलं मांडीवर घेऊन दारात बसल्या होत्या. पोरांची टोळकी शेजारच्या घरापर्यंत यायची आणि माघारी वळायची. आमचं घर गल्लीच्या टोकाला, अंगण उघडंबोडकं. बाकीच्यांच्या अंगणात सांगाडे, कोळ्याची जाळी, थडगी. एक पोर फिरकलं नाही. दिवाळीला अंगणात रांगोळी नसेल तर कोण येईल, चूक आपलीच, असं म्हणून यंदा त्यांनी थडगी करायला घेतली.

बाजारात आयती मिळतात असं दाजी म्हणाले, ते त्यांनी ऐकलंच नाही. रविवारच्या जाडजूड पेपरांची साठवलेली रद्दी बाथटबमध्ये भिजत पडली. कुटून लगदा केला, त्यात मेथ्या भिजवून वाटून घातल्या. गावाकडे कागदाच्या टोपल्या अशाच करतात, मेथीनं लगदा धरून राहतो आणि कीड लागत नाही. अमेरिकेत थडग्याला कीड लागते का, हे विचारायची कुणाची हिंमत नव्हती. तोवर घरात आंघोळी बादलीवर चालल्या आणि दाजींच्या ऑफिसच्या कोटाला मेथीची भाजी चिकटल्यासारखा वास यायला लागला. लगदा फळ्यांवर थापून, वरून गोलाई देऊन, गॅरेजमध्ये पंख्याखाली वाळवला आणि मागच्या लाकडी डेकचा उरलेला करडा रंग दिला. हुबेहूब दगड.

मग नावं कुणाची? जित्या माणसाचं नाव घालणं अशुभ. गेलेल्या नातेवाइकाचं घातलं तर तो हाक मारली समजून यायचा, आणि त्याला व्हिसाही लागत नाही. शेवटी त्यांनी घरातलेच मृत निवडले. माझ्याकडून ठळक अक्षरात लिहून घेतलं: 'कै. कढीपत्ता. मूळ गाव सातारा. थंडीने.' दुसरा, 'कै. मिक्सर. इथली वीज मानवली नाही.' आणि सगळ्यात लहान दगडावर, 'विरजण. वय एक रात्र.'

दगड उभे राहिले ते सण यायच्या आठवडाभर आधी. पण नावाचा दगड लावला आणि पुढे दिवा नाही, हे त्यांच्या मनाला पटेना. रोज पणती लावली, ताजी फुलं वाहिली, भोवती रांगोळी घातली आणि पांढऱ्या पातळात त्या शेजारी खुर्ची टाकून बसू लागल्या.

तिसऱ्या दिवशी दुपारी बेल वाजली. समोरच्या घरातली म्हातारी बाई काळे कपडे घालून, हातात खाण्याचं झाकलेलं काचेचं भांडं घेऊन उभी होती. तिनं माझा हात धरून काहीतरी विचारलं. त्यातलं 'हू' तेवढं मला कळलं. मी पहिल्या दगडाकडे बोट दाखवून खरं ते सांगितलं, "कढीपत्ता."

तिनं ते नाव मोठ्या कष्टानं उच्चारलं. वय विचारलं असावं.

"स्मॉल," मी म्हणाले. "व्हेरी कोल्ड."

तिनं डोळे मिटून घेतले. सासूबाईंना एवढंच कळलं की कुणीतरी आलंय. त्यांनी तिला हाताला धरून आत नेलं, कुंकू लावलं, चहा पाजला. दुसऱ्या दिवशी आणखी दोघी आल्या, त्यानंतर आणखी. प्रत्येकीच्या हातात भांडं. काहीतरी भलतंच होतंय हे मला कळत होतं, पण ते सांगायला शब्द कुठून आणू? सासूबाईंच्या चेहऱ्यावर मात्र असं तेज, की ताई मला हळूच म्हणाली, आईंना अमेरिका मानवली बघ.

मग एका संध्याकाळी दाजी लवकर घरी आले. दिवाणखान्यात कपाळाला कुंकू लावलेल्या पाच गोऱ्या बायका डोळे पुसत बसलेल्या. त्यांनी काय झालं ते विचारलं, ऐकलं, आणि लाल होत होत सगळा खुलासा केला. आता पोलीस येणार आणि पहिली मलाच विमानात बसवणार, अशी माझी खात्री झाली.

"काय म्हणतोय तो?" सासूबाईंनी मला विचारलं. मी अंदाजानंच, भीत भीत सांगितलं, की घरातलं मूल गेलं समजून या समाचाराला येत होत्या. त्यांना हसू आलं नाही, लाजही वाटली नाही. हातातली किटली तशीच धरून त्या एवढंच म्हणाल्या, "मग आता ह्या यायच्या नाहीत?"

समोरच्या बाईनं दाजींना त्याचा अर्थ विचारला. दाजींनी तो सांगितला. बाई उठली, दाजींना अंगणात घेऊन गेली आणि एकेक दगड वाचून दाखवायला लावला. आम्ही खिडकीतून बघत होतो. कढीपत्त्यापाशी ती गंभीर होती, मिक्सरपाशी तिचे खांदे हलायला लागले, आणि विरजणाचं वय ऐकून ती दाजींच्या खांद्याला धरून गवतावर खालीच बसली. आत आली ती पुन्हा चहाला कप पुढे करत.

हॅलोविनला गल्लीतलं एकही पोर माघारी वळलं नाही. चेटकिणी, सांगाडे, चादर पांघरलेली भुतं, सगळ्यांची रांग अंगणभर, कारण सासूबाई चॉकलेट देऊन कुणाला लगेच सोडत नव्हत्या. "कुणाचा रे तू?" असं प्रत्येक भुताला विचारत होत्या, आणि मागे उभी असलेली आई हात वर करून 'माझा' म्हणत होती. उघड्या दारातून घरातली सगळी ऊब बाहेर चालली होती. दाजींनी स्वेटर चढवला आणि दार तसंच उघडं ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दगड आवरत होते. सासूबाई शाल गुंडाळून पायरीवर येऊन बसल्या. पुढच्या महिन्यात त्या साताऱ्याला परत जायच्या होत्या. आणखी एक हिवाळा त्यांच्या गुडघ्यांना झेपला नसता, आणि पुन्हा येणं व्हायचं नाही हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं.

"आता परत कधी असतं गं हे?" त्यांनी विचारलं.

"वर्षानं, मावशी."

त्यांनी बंद दारांच्या त्या गल्लीकडे पाहिलं. "मग तोवर ही माणसं करतात तरी काय?"

दुपारी ताईच्या लेकीला कडेवर घेतलं आणि काही काम नसताना समोरच्या घरी गेले. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं.