हळदीवर पीएचडी करणारी माझी भाची

मागच्या रविवारी माहेरी, बोरी अरबला गेले होते. भावाची मुलगी मोनाली नागपूरहून दोन दिवसांसाठी आली होती, तिला भेटायला.

मोनाली फार्मसीत पीएचडी करते. विषय काय, तर हळदीतल्या घटकाने डिप्रेशन कसं कमी होतं...

आता खरं सांगते. गेलं वर्षभर मी डिप्रेशनच्या गोळ्या घेतेय. बरं वाटायला लागलं होतं, पण आपण गोळीवर जगतो याची लाज वाटायची. म्हणून त्या रविवारच्या बारा दिवस आधी कुणाला न सांगता गोळ्या बंद केल्या आणि हळदीच्या कॅप्सूल सुरू केल्या. चक्कर यायची, भाजी चिरताना उगाच रडू यायचं... तरी रेटत होते.

मी मोनालीला तिचं काम समजावून सांग म्हटलं. तिने जुन्या लग्नपत्रिकेच्या मागे चित्र काढलं. मेंदूतल्या पेशीला बाहेरून एक निरोप मिळतो. तो आत एका प्रथिनाकडून दुसऱ्याकडे जात जात पेशीच्या केंद्रापर्यंत पोचतो. मग पेशीला नव्या फांद्या फोडायला मदत करणारं एक प्रथिन तयार होतं. सतत ताणात ठेवलेल्या उंदरांमध्ये हा निरोप मधेच अडतो... आणि हळदीतला घटक दिला की पुढे सरकताना दिसतो.

आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेली ही पहिली मुलगी. ती बोलत होती आणि मी नुसती बघत होते.

मी खुशीत म्हटलं, "म्हणजे मी बरोबरच केलं! गोळ्या सोडल्या, तुझी हळद घेतेय."

तिच्या हातातला पेन थांबला.

"आत्या, हे उंदराच्या मेंदूतलं हाय. तुह्या मेंदूत काय होते, मले नाही मालूम."

"पण तुलाच तर एवढा विश्वास आहे ना हळदीवर?"

"मलेच लय वाटते का हळदीनं व्हावं म्हून. म्हणूनच तं चार चार वेळा तपासा लागते. माह्या वाटण्यावर तू गोळ्या नको सोडू."

ती रागावली नाही. शेजारी येऊन बसली, हळूच विचारलं, "झोप येते का? मनात काही वाईट येते का?" वर्षभरात घरातल्या कुणी मला हे इतकं सरळ विचारलं नव्हतं... मी खूप रडले.

मग तिने माझ्याच फोनवरून माझ्या यवतमाळच्या डॉक्टरांना फोन लावला. सोमवारी तिला नागपूरला परतायचं होतं, ती थांबली. सकाळच्या एसटीने आम्ही दोघी यवतमाळला गेलो. डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं, कॅप्सूल बंद करायला सांगितल्या आणि गोळ्या पुन्हा कशा सुरू करायच्या ते लिहून दिलं. कमी करायच्या तेव्हा आपण मिळून हळूहळू करू, म्हणाले.

आज गोळ्या सुरू होऊन चौथा दिवस. अजून चक्कर आहे थोडी... पण आता घरात सगळ्यांना माहीत आहे. सकाळी आमचे हे पाण्याचा ग्लास घेऊन स्वतः समोर उभे असतात.

जिने पाच वर्षं एका गोष्टीच्या मागे घालवली, तिनेच "मले नाही मालूम" म्हणावं... मला वाटतं, शिकणं म्हणजे हेच असावं. मोनाली, तुझा फार अभिमान वाटतो गं.