परत आलेली नलिनी

"अगे आक्का, ती अजून जिती आसा!"

"आसा तर बरा. पण नाय वाचली तर? तुका चेडवाची वेणी घालूक येता? मी गावाक व्हरतंय तिका."

दत्ताराम आणि त्याची थोरली बहीण जानकी इस्पितळाच्या बाकड्यावर भांडत होती. मधे पाच वर्षांची अक्षता, फ्रॉकची लेस चावत बसलेली. आणि हे सगळं ऐकत होती दत्तारामची बायको नलिनी, जी त्या वेळी भिंतीपलीकडे टेबलावर पोट उघडून पडली होती.

हे कसं झालं, ते नलिनी पुढे जन्मभर सांगत राहिली. "अंगावरची ओली गोधडी कुणी काढून घ्यावी ना, तसं वाटलं. दुखणं नाही, थंडी नाही. छताला टेकून खाली बघते तर हिरव्या कापडाखाली कोण एक बाई. टाचा नुसत्या भेगाळलेल्या. म्हटलं, बिचारी किती दमलीय! मग टाचा ओळखल्या."

परत यायची इच्छाच नव्हती, हे ती लपवत नसे. वर ना नळाची वेळ, ना दत्तारामच्या डब्याची घाई. पण तेवढ्यात ते वेणीचं कानावर आलं. माझी पोर उचलून नेते काय! नलिनी हट्टाने खाली उतरली. ओल्या अंगावर घट्ट पोलकं चढवावं तशी, एकेक हात कोंबत. आत शिरली मात्र, आणि सगळं दुखणं परत अंगावर आलं.

शुद्धीवर आल्या आल्या खाटेशी उभ्या जानकीला म्हणाली, "आक्का, वेणी मीच घालतलंय. गावाक एकटीच जा."

जानकी पांढरीफटक. बेशुद्ध बाईला हे कळलं कसं? तिने हळूच चादर उचलून नलिनीचे पाय बघितले, उलटे तर नाहीत ना. सरळ होते. तरी जानकीचं ठरलं: आपली भावजय गेली, आत शिरलंय ते भलतंच कुणीतरी. तिने गावच्या देवाला नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं आणि नलिनीच्या हातचं खाणं सोडलं. चारकोपला भावाच्या घरी यायची, महिना महिना राहायची, जेवायची मात्र शेजारच्या कुंदाकडे.

"भूत एवढी भांडी घासता काय गो?" नलिनी विचारायची. जानकी तोंड फिरवायची.

पुढे गल्लीतल्या कुणाचं ऑपरेशन ठरलं की नलिनी त्या घरी हजर. "वर गेलीस तर घाबरू नको. बरं वाटतं, तीच तर पंचाईत. खाली काय राहिलंय ते आधी ठरव आणि मोठ्याने सांग." ऑपरेशननंतर मग पेजेचा डबा.

कुंदाच्या ऑपरेशनच्या वेळी ती हसत म्हणाली होती, "माझं लोणचं मुरायचंय."

"चालेल. बरणी घट्ट धर."

गेल्या वर्षी जानकीच्या ऑपरेशनची पाळी आली. नवरा कधीचाच गेलेला, मूलबाळ नाही. आदल्या संध्याकाळी तिने नलिनीला जवळ बोलावलं. "नलू, थंय वर कसा वाटता गो?"

"हलका वाटता."

"मगे मी परत कशाक येऊ? खाली माझा कोण आसा?"

नलिनीने तिचं मनगट धरलं. "मी आसंय. इतकी वर्सा माझ्या हातचा खाल्लंस नाय, ता रवला हा. परवा पेज हाडतंय. पेजेक तुका येवचाच लागतला. मोठ्यान सांग."

जानकीने सांगितलं. आणि आली.

नलिनी त्याच आठवड्यात गेली, झोपेत, आणि ह्या खेपेला परत आली नाही. पण त्याआधी ठरल्याप्रमाणे पेज घेऊन ती इस्पितळात पोचली होती. नेहमीचाच डबा, झाकणात लिंबाच्या लोणच्याची फोड. जानकीने सवयीने तिच्या पायांकडे बघितलं, मग वाटी तोंडाला लावली.

"मीठ कमी आसा."

"उद्या घालतंय."

नलिनीने तिच्या विरळ केसांची वेणी घातली, नळाखाली डबा विसळला, पिशवीत टाकला आणि बसस्टॉपकडे चालू लागली.