मास्तर आत आले नाहीत

मी चौथीपर्यंत शिकलो आणि तेवढं मला पुरलं. शिकलेल्या माणसापुढे मान खाली घालायची सवय कधी लागली नाही, आता या वयात लागायची नाही.

इंग्रजांच्या काळात मी सोलापुरात गिरणीत मागावर होतो. पाळी सुटली की भुवयांत कापसाची लव घेऊन आम्ही गिरणीमागच्या मैदानावर जायचो आणि व्हॉलीबॉल खेळायचो. अंगाचं लाकूड झालेलं असायचं, तरी जायचो. खोलीवर जाऊन तरी काय करणार? आम्ही बहुतेक तालमीतले. चेंडूलासुद्धा पैलवानासारखे छातीनं भिडायचो.

मग गिरणीच्या हपिसात एक कारकून आला. पुण्याच्या कॉलेजात खेळून नाव कमावलेला. साहेबानं त्याला आम्हाला शिकवायला लावलं. वयानं माझ्याएवढाच. आम्ही त्याला मास्तर म्हणायचो, तो मला पैलवान म्हणायचा.

पहिल्या दिवशी मास्तरांनी कोट काढून त्याची घडी केली आणि रेघेबाहेरच्या बाकावर बसले. तिथूनच बोलायला लागले. आमच्यात एक तेलुगू विणकर होता, जाळ्यापाशी चेंडू उचलून द्यायचं काम त्याचं. तो म्हणाला, "मास्तर, आत या की."

"मी शिकवायला आलोय, खेळायला नाही."

हे आम्हाला पटणारं नव्हतं. तालमीत वस्ताद स्वतः मातीत उतरतो, पोरांशी झटतो, पाठ मातीनं भरवून घेतो, म्हणून त्याचं ऐकायचं. ज्या दिवशी उतरणं थांबतं त्या दिवशी तो तालीम दुसऱ्याच्या हाती देतो. आम्हाला शिकवणारा माणूस तेवढाच ठाऊक.

"कालिजात बी बाकावर बसूनच खेळला असंल," विणकर म्हणायचा, आणि मास्तरांना ऐकू जाईल असं म्हणायचा.

एकदा मीच तोंडावर विचारलं. मास्तर म्हणाले, "पैलवान, मी आत आलो की तुम्ही सगळे चेंडू माझ्याकडेच टाकणार. मग शिकणार कधी?"

"एकदा दावा तरी."

"एकदा आत आलो तर मला बाहेर पडवणार नाही."

मला वाटलं, शिकलेल्या माणसाची सबब.

पुढं रेल्वेवाल्यांशी सामना झाला. आम्ही मागं पडत गेलो. शेवटी विणकर चेंडू हातात धरून बाकाकडं वळला. "मास्तर, या की आता." आम्ही सगळे थांबलो. मास्तरांनी दोन्ही हात मांडीखाली घातले आणि बसून राहिले.

हरलो. दुसऱ्या दिवशी मैदानावर कुणी आलं नाही. "ज्याच्या पाठीला माती न्हाय त्याचं काय ऐकायचं," असं मागावरच ठरलं होतं. मी मात्र गेलो. मास्तरांवर माया होती म्हणून नाही. पावसाळा लागेपर्यंत येतो असं बोललो होतो, आणि बोललेलं मी मोडत नाही.

मास्तर एकटेच जाळं बांधत होते. त्यांनी बाहेरून चेंडू फेकायचे, मी मारायचे, असं अंधार पडेपर्यंत चाललं. "कोपर वर, पैलवान," एवढंच बोलायचे.

मी दमून खाली बसलो. म्हणालो, "आता तर बघायला कुणी न्हाय. या की."

"तुम्ही आहात की," मास्तर म्हणाले, आणि चेंडू पुसायला लागले.

आठवडाभरानं विणकर आला, मागोमाग बाकीचे आले. मास्तर पटले म्हणून नव्हे. संध्याकाळी जायला दुसरी जागा नव्हती. आम्ही पुढं बरे खेळलो, पण मास्तरांना वस्ताद कुणी म्हटलं नाही. मग दुसऱ्या गावी नोकरी लागली आणि ते गेले.

नंतर माझे गुडघे कुरकुरायला लागले. साहेबानं मला त्या बाकावर बसवलं. नवी पोरं मला वस्ताद म्हणायची, त्याचा अभिमान वाटायचा, खोटं कशाला सांगू. एका संध्याकाळी ती हरायला आली आणि त्यातलं एक म्हणालं, "वस्ताद, या की आत."

गुडघे तेवढे गेलेले नव्हते. एक डाव सहज निघाला असता. चेंडू जाळ्याजवळ वर उडाला, मारण्यासारखा, आणि माझा खांदा आपोआप उचलला गेला. मी दोन्ही हात मांडीखाली घातले. डाव संपेपर्यंत बोटं बधिर झाली होती.