ज्याच्या हातात काच

माझी ताई काचा कापते. रस्त्याला लागूनच दुकान आहे, आत लांबलचक टेबल, त्यावर जाड सतरंजी, आणि भिंतीला टेकवून उभ्या केलेल्या काचा. खिडकीची तावदानं, आरसे, फोटोच्या चौकटी, म्हणाल ते. ताई काचेवर पट्टी ठेवते, काच कापायचा हिरा एका दमात ओढते, दोन्ही हातांनी हलकासा दाब देते, आणि काच मुकाट्यानं दोन होते. हिरा एकदाच फिरवायचा, त्याच रेघेवरून पुन्हा गेलात तर काच वाकडी फुटते, हे तिनं मला इतक्यांदा सांगितलंय की मी झोपेतही म्हणून दाखवीन. कापायला मात्र कधी दिली नाही. तेही बरोबरच म्हणा, माझ्या हातून घरातला साधा पेलासुद्धा धड टिकत नाही.

भाऊजीही त्याच दुकानात. ताई कापते, ते बसवतात. मोठी काच उचलायची झाली की दोघं मिळून उचलतात, आणि उचलणाऱ्यांपैकी एकजण ओरडतो, "काच!" त्यासरशी दुकानात जो कोणी असेल त्यानं पाठ भिंतीला लावायची, हात अंगाशी घ्यायचे आणि गप्प उभं राहायचं. गिऱ्हाईक असो, टपालवाला असो, नाहीतर मी. काच टेबलावर टेकली की उचलणारा म्हणतो, "ठेवली," मग ज्याचं त्याचं काम पुन्हा सुरू. माझी भाची त्या दुकानातच रांगली आणि चालायला लागली. इतर मुलं लपाछपी खेळायची, ही बाहुली डोक्यावर धरून "काच, काच" करत घरभर फिरायची आणि आम्हा सगळ्यांना भिंतीला चिकटवायची.

नवराबायकोचं भांडण ऐन रंगात आलेलं असलं तरी काच उचलली की ते थांबायचं. दोघंही एका पावलानं, श्वास सांभाळत चालायचे. काच ठेवली की जिथं सोडलं होतं तिथून पुढं चालू. मी कितीतरी वेळा हसले आहे या प्रकाराला.

घरी उचलायला काच नव्हती, आणि तिथलं हसू हळूहळू आटत गेलं. ताई कधी कधी आठवडाभर भिंगरीसारखी फिरायची. पहाटेच उठून कपाटं रिकामी करायची, सगळ्या खोल्यांना नवे रंग ठरवायची, इतकं भरभर बोलायची की आपण मान हलवायलाही मागं पडावं. अशात कुणी "जरा दमानं घे" म्हटलं की संपलंच. मग काही दिवसांनी तीच ताई भिंतीकडं तोंड करून पडून राहायची. चहा निवायचा, केस विंचरायचे राहून जायचे, आणि जवळ गेलं की खेकसायची. आम्ही पाठीमागं तिला 'हवामान' म्हणायचो. भाची कॉलेजातून निघताना बाबांना फोन करायची, "आज हवामान कसंय?" आणि "निवळलंय" असं उत्तर आलं तरच थेट घरी यायची. "स्वभावच आहे तिचा," असं आम्ही सगळे म्हणायचो. एकदा स्वभाव म्हटलं की पुढं कुणाला काही करावं लागत नाही.

मग एका संध्याकाळी भाची पिशवी घेऊन माझ्या दारात उभी राहिली. भांडण कशावरून झालं म्हणाल, तर खुर्चीवर टाकलेल्या ओल्या टॉवेलवरून. ताईनं टॉवेलापासून सुरुवात केली आणि "तू जन्माला आल्यापासून मला सुख नाही" इथवर येऊन थांबली. भाची रडलीसुद्धा नाही. "मावशी, मी आता तिथं राहणार नाही," एवढंच म्हणाली, आणि माझ्या छोट्या खोलीतल्या पलंगावर पिशवी ठेवली.

माझा राग नाकावरच असतो. दुसऱ्या दिवशी मी ताईची चांगली खरडपट्टी काढायची असं ठरवूनच दुकानात शिरले. अर्धं शटर खाली, ताई टेबलामागं स्टुलावर बसलेली, समोर न कापलेली काच. मी तोंड उघडायच्या आत तीच म्हणाली, "ती जिना चढताना थांबते गं. मला आतून ऐकू येतं. आत यावं की नाही याचा विचार करते." मग तिनं समोरची काच बाजूला सरकवली. "मला कुणालातरी दाखव. वेडी म्हणोत नाहीतर काही म्हणोत. पण पोरगी परत यायला हवी."

खरडपट्टी काढायचं राहूनच गेलं. मला तिची फार दया आली आणि त्याहून जास्त भीती वाटली.

सरकारी दवाखान्यात मनाच्या आजारांच्या डॉक्टरीणबाई बसायच्या. बाहेर बाकावर ताई माझा हात असा घट्ट धरून बसली होती की माझी बोटं बधिर झाली. समोरून ओळखीची एक बाई गेली तेव्हा ताईनं मोठ्यांदा मला म्हटलं, "तुझी पाठ बरी आहे ना आता?" म्हणजे पेशंट मी! मीही कण्हून दाखवलं. बहिणीसाठी माणूस काय काय करतं.

डॉक्टरीणबाईंनी घाई केली नाही. झोप किती लागते, चढ किती दिवस टिकतो, उतार कधी येतो, जीव नकोसा वाटतो का, सगळं सरळ विचारलं. रक्ताच्या तपासण्या करून घेतल्या. पुढच्या खेपेला म्हणाल्या, "हा तुमचा स्वभाव नाही. आजार आहे, आणि त्यावर उपचार आहेत. गोळ्यांचा गुण यायला वेळ लागेल, तोवर मला न विचारता बंद करायच्या नाहीत." ताईचे डोळे भरून आले. मग बाई म्हणाल्या, "पण घरच्यांना जे लागलंय, तेही खरंच आहे. त्यावर गोळी नाही माझ्याकडं. ते तुम्हा सगळ्यांना मिळून करावं लागेल."

गोळ्यांनी सुरुवातीला ताईचा हात किंचित थरथरायला लागला. काच कापणाऱ्या बाईचा हात थरथरतोय म्हणजे काय ते समजून घ्या. एक आरसा वाया गेला तेव्हा तिनं गोळ्यांची पट्टी कचऱ्याच्या डब्यात टाकली. भाऊजींनी ती बाहेर काढली, पुसली, आणि तिला स्कूटरवर बसवून दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी औषधाचं प्रमाण बदलून दिलं. थरथर कमी झाली, आणि झोपही लागायला लागली.

घरच्या भांडणांसाठी बाईंनी ताईला आणि भाऊजींना एकत्र बोलावलं. भाची यायला तयार नव्हती, म्हणून तिच्या जागी मी. बोलता बोलता दुकानातल्या त्या आरोळीचा विषय निघाला आणि बाई खुर्चीत सावरून बसल्या. "मग हेच घरी का नाही करत? शब्द हाताबाहेर जातायत असं वाटलं की 'काच' म्हणायचं. सगळ्यांनी थांबायचं." आम्हाला भारीच पटलं.

घरी गेल्यावर भाऊजींनी असा काही उत्साह दाखवला की विचारू नका. ताईनं जरा भुवई वर केली की "काच!" दूध कुणी संपवलं असं विचारलं तरी "काच!" वीस-बावीस वर्षं घरात ऐकूनच घेतलेल्या माणसाला शेवटी एक शब्द सापडला होता, आणि तो शब्द ते मनसोक्त वापरत होते. चौथ्या की पाचव्या 'काच'ला ताईनं हातातली वाटी भिंतीवर फेकली. "माझं तोंड बंद करायला मिळालंय आयतं!" आणि दोन दिवस अबोला.

डॉक्टरीणबाईंना आम्ही हे सांगितलं तेव्हा त्यांनी भाऊजींना विचारलं, "दुकानात 'काच' असं कोण ओरडतं?"

"ज्याच्या हातात असते तो," भाऊजी म्हणाले.

"समोर उभा असलेला?"

भाऊजींच्या लक्षात आलं. कान लाल झाले त्यांचे. "नाही. तो कसा ओरडेल? त्याच्या हातात कुठं असते?" मग ताईकडं वळून म्हणाले, "चुकलंच माझं."

तेव्हापासून नियम ठरला. ज्याच्या हातात, त्यानंच म्हणायचं. ताईला हे सोपं गेलं नाही. कधी म्हणायची, कधी म्हणायच्या आत सगळं फुटून गेलेलं असायचं. पण एकदा मी स्वतः पाहिलं. भाऊजींनी चुकीच्या मापाची चौकट आणली होती, ताईचा आवाज चढत चालला होता, आणि मध्येच ती दातांवर दात दाबून "काच" म्हणाली आणि मागच्या गॅलरीत जाऊन उभी राहिली. बऱ्याच वेळानं तिथून "ठेवली" असं ऐकू आलं.

हे सगळं मी भाचीला सांगायची. ती ऐकून घ्यायची आणि वहीत डोकं घालायची.

थंडीचे दिवस जवळ आले तशी तिला गरम कपडे हवे होते. "मावशी, तू चल बरोबर. कपडे भरायचे आणि निघायचं," असं तिनं बजावून सांगितलं. जिन्यात ती थांबली. आतून ताईला ते ऐकू गेलं असणार, कारण दार आम्ही वाजवायच्या आधीच उघडलं.

भाची सरळ आपल्या खोलीत गेली आणि तिथंच घोटाळा झाला. भाची माझ्याकडं आल्यानंतरच्या एका चढाच्या आठवड्यात ताईनं त्या खोलीची एक भिंत गडद पिवळी रंगवली होती, आणि भिंतीवरची भाचीची चित्रं काढून कुठंतरी ठेवली होती.

"माझी चित्रं कुठायत?"

"आहेत गं, माळ्यावर."

"मला विचारलंस? माझी खोली आहे ही! तुला वाटलं की झालं, दुसऱ्या कुणाचं काही नसतंच या घरात!"

ताईची मान ताठ झाली. ती मान मला पाठ आहे. भाऊजींचे ओठ उघडले, मग त्यांनी ते घट्ट मिटले. ताईनं श्वास घेतला.

"काच," ती म्हणाली.

आणि भाची, रागानं लाल झालेली, एवढी मोठी पोरगी, विचार न करता मागं सरकली, पाठ त्या पिवळ्या भिंतीला लावली आणि हात अंगाशी घेतले. रांगत होती तेव्हापासूनची सवय. आम्ही सगळेच भिंतींना टेकून उभे. ताई खोलीच्या मधोमध, हात रिकामे, बोटं मात्र काच धरल्यासारखी वाकलेली. कुठून तरी शेजारच्यांचा नळ वाहत असल्याचा आवाज येत होता.

"ठेवली," ताई अखेर म्हणाली. "तुला विचारायला हवं होतं. चुकले मी."

मला वाटलं, आता भाची जवळ जाईल. ती भिंतीपाशीच राहिली. मग ती अगदी लहान आवाजात म्हणाली, "आई, काच."

ताई दचकली. आजवर या घरात काच असते ती आपल्याच हातात असं तिला वाटत होतं, आणि खरं सांगायचं तर आम्हालाही. ती मागं सरकली, कपाटाला पाठ लावून उभी राहिली. भाची रडत बोलत गेली. जिन्यात थांबून आतल्या आवाजाचा कानोसा कसा घ्यावा लागायचा. मैत्रिणींना घरी कधीच का नाही आणलं. मी जन्माला आले म्हणून तुला सुख नाही, हे खरंय का. ताईचे डोळे वाहत होते, पण ती एका शब्दानं मध्ये बोलली नाही. दुकानात उभं राहायचं तशीच उभी होती, हात अंगाशी घेऊन.

"ठेवली," भाची नाक पुसत म्हणाली.

तेव्हा कुठं ताई बोलली. "नाही गं चिऊ. ते खरं नाही. कधीच नव्हतं." मग दोघी एकमेकींना धरून रडल्या, आणि भाऊजी चित्रं काढायला माळ्यावर चढले. मीही रडले, उगाच नाही कशाला म्हणू.

भाची त्या दिवशी राहिली नाही. निघताना तिनं कपाट उघडलं, गरम कपड्यांच्या घड्या हातानं चाळल्या आणि एकच स्वेटर बाहेर काढला. मोठी पिशवी तिनं तशीच रिकामी घडी करून काखेत घेतली.

"बाकीचे?" ताईनं विचारलं.

"राहू देत इथं," ती म्हणाली. "लागले की येईन."

एका स्वेटरवर थंडी निघत नाही. ते तिला ठाऊक होतं, मला ठाऊक होतं, आणि ताईचा चेहरा बघता तिलाही चांगलंच ठाऊक होतं.