ताईचं स्टेशन

छोटी लाईन बंद झाली, रूळसुद्धा उचलून नेले, तरी आमच्या घरात ते स्टेशन काही बंद पडलं नाही. बाबा तिथे स्टेशन मास्तर होते. ताई तिथल्या क्वार्टरमध्ये वाढली. माझा जन्म बदलीनंतरचा, इथला, गुढियारीतला. न थांबणाऱ्या मालगाडीच्या ड्रायव्हरला पुढे जायची चिठ्ठी वेताच्या कडीत अडकवून द्यायची असे. ड्रायव्हर ती चालत्या इंजिनातून ओढून घ्यायचा. बाबा ती कडी ताईला धरू द्यायचे. हे मी हजारदा ऐकलंय आणि दर वेळी माझ्या पोटात दुखलंय.

ताई आता नागपूरला असते. बाबांच्या गोळ्या, आंघोळ, रुसवे-फुगवे सगळं माझ्याकडे. सकाळी गोळी घेतली की नाही हे त्यांना आठवत नाही, ताईचं मात्र सगळं आठवतं. ती रविवारी दहा मिनिटं फोन करते आणि बाबा आठवडाभर खूश. माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. म्हणून गेल्या हिवाळ्यात तिला न सांगताच बाबांना तिथे न्यायचं ठरवलं. ते स्टेशन एकदा तरी त्यांनी माझ्यासोबत पाहावं, बस्स.

ऑटोवाल्या भैयाला बाहेर थांबवून आम्ही आत शिरलो. फलाटावर बेशरमाची झुडपं माजलेली, तिकीट खिडकी विटांनी बुजवलेली, मास्तरांच्या खोलीत कुणीतरी गोवऱ्या रचून ठेवलेल्या. मला वाटलं, बाबा रडतील. ते तर एकदम तरतरीत झाले. फोन कुठे होता, घंटा कुठे टांगलेली होती, हात धरून दाखवत सुटले. जन्मात पहिल्यांदा माझ्याशी इतकं बोलून राहिले होते. मी मनातल्या मनात ताईला टुकटुक केलं.

फलाटाच्या टोकाशी त्यांनी माझा हात उंच धरला. म्हणाले, "असाच ठेव. भेऊ नको, मी हाव मांगं."

पंचेचाळीस वर्षांची बाई मी, हात वर करून उभी राहिले. रूळ नव्हते, गाडी नव्हती, पण माझ्याइतकं सुखी त्या वेळी कोणी नव्हतं.

मग बाबांनी स्वेटरच्या खिशातून बिस्किट काढलं, माझ्या तळहातावर ठेवलं, इकडेतिकडे पाहिलं आणि हळूच बोलले, "इथंच खाऊन टाक. लहानीले सांगू नको, ते लय जळते तुह्यावर."

लहानी म्हणजे मीच.

"नाही सांगत, बाबा," मी म्हटलं आणि ताईचं बिस्किट खाऊन टाकलं.