खटका काढलेला चाकू

माझे थोरले दीर बोटीवर नोकरीला होते. सुट्टीवर आले की घरातल्या प्रत्येकासाठी काही ना काही आणायचे, आणि ज्याला जे आणलं ते त्याच्या कधीच कामाला यायचं नाही. आत्यांना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, त्यांनी एकदा लोकरीची टोपी आणली होती. तिच्यात आम्ही अंडी ठेवायचो. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस मात्र त्यांनी मामांसाठी, म्हणजे सासऱ्यांसाठी, विचार करून एक वस्तू आणली. घडीचा चाकू.

मामा फौजेतून पेन्शनीत आलेले. उंब्रजजवळच्या आमच्या गावात त्यांना सगळे वचकून असायचे, एक आत्या सोडून. आदल्या वर्षी त्यांना वाऱ्याचा झटका येऊन गेला. पाय सुधारला, जीभ तर जास्तच सुधारली, पण डाव्या हाताच्या बोटांत पकड राहिली नाही. घडीचा चाकू उघडायला दोन हात लागतात. या नव्या चाकूला एकच पुरायचा. पात्याच्या बुडाशी छोटं शेपूट होतं, ते बोटानं जरासं ढकललं की पुढचं काम आतला खटका करायचा. खट्!

याचं महत्त्व कळायला आमच्या घरातली एक रीत सांगायला हवी. पेन्शनीत आल्यापासून दुपारच्या जेवणानंतर मामा आत्यांना काहीतरी कापून द्यायचे. पेरू, काकडी, उसाची कांडी, जे असेल ते. आत्यांचे दात निम्मे गेलेले, म्हणून फोडी बारीक. बोलणं काही नाही. डब्याच्या झाकणावर फोडी ठेवायच्या, झाकण पुढं सरकवायचं. उभ्या जन्मात या माणसानं बायकोशी एक गोड शब्द बोललेला मी ऐकला नाही. जो काही गोडवा होता तो त्या झाकणावर असायचा. झटक्यानंतर ते काम माझ्याकडं आलं. मी कापायला लागले आणि आत्यांना पेरू आवडेनासा झाला. कधी दात दुखायचा, कधी पोट भरलेलं असायचं. मामा दुसरीकडं बघत बसायचे. त्या दोघांकडं बघून मला भरून यायचं, आणि रागही यायचा, कारण फोडी मी चांगल्या करायचे.

तर चाकू आला. पहिले चार दिवस मामांनी पेरू कमी कापले आणि चाकू जास्त उघडला. दूधवाल्याला दाखवला, पोस्टमनला दाखवला, औषध टोचायला आलेल्या जनावरांच्या डॉक्टरला दाखवला. प्रत्येक वेळी खट्, आणि मिशीवरून हात. एका दुपारी हाताला घाम असेल किंवा जोर जास्त झाला असेल, पातं उघडलं ते हिसका देऊनच. चाकू मामांच्या मुठीतून निसटला आणि आत्या गहू निवडत होत्या त्या सुपात जाऊन पडला.

आत्यांनी आधी सूप बघितलं, मग मामांना. "आवं, म्या काय दुश्मनाची चौकी हाय व्हय?"

चाकू त्यांनी उचलला आणि ज्वारीच्या कणगीत पुरला. मामा रुसले. फौजी माणूस रुसला की शिस्तीत रुसतो. वेळेवर जेवायचे, वेळेवर झोपायचे, फक्त बोलायचे भिंतीशी. आत्याही हटेनात. "सुपात पडला, उद्या डोळ्यात पडंल. त्यो खटका घरात नगं," एवढंच त्यांचं पालुपद.

शेवटी मीच म्हटलं, "मामा, खटकाच काढून टाकला तर? चाकू राहील, उडी जाईल."

"हत्यारात मोडतोड? फौजंत कोरट मार्शल हुतंय," मामा भिंतीला म्हणाले. पण संध्याकाळी स्वतःच विचारलं, "कशानं काढतीस?"

सांगलीहून मी माहेरची शिलाई मशीन आणली होती, तिच्या खणात बारीक डिसमिस होतं. कणगीतून काढलेल्या चाकूच्या स्क्रूंची तोंडं मात्र चांदणीसारखी, आपल्याकडं कुणी न बघितलेली. डिसमिस तिरकं अडकवून मी पिळायला लागले. मामा बाजेवरून हुकूम सोडत होते, "धीरे, धीरे. अब जोर!" फौजेतली हिंदी ते फक्त दुसरा राबत असताना काढायचे. आत्या उंबऱ्यावर पदराआड डोळे घेऊन बसलेल्या. कडेची पट्टी निघाली आणि आतून केसाच्या पिनेसारखी वाकडी तार टुणकन उडाली. एवढ्याशा तारेनं घरात एवढी उलथापालथ केली होती. आत्यांनी ती उचलली, बाहेर गेल्या आणि उकिरड्यात टाकून हात धुऊन आल्या.

आमचा अंदाज होता की तार चाकू उघडते. ती चाकू मिटवूनही धरते, हे आम्हाला चाकू जोडल्यावर कळलं. आता पातं कशालाच अडेना. उलटं धरलं की लोंबायचं. मामांनी "काई हुत न्हाई" म्हणत तो बंडीच्या खिशात टाकला, चपला घालायला वाकले आणि खिशाला भोक पाडून पात्यानं बाहेर डोकावून बघितलं. तंबाखूची पिशवीही फाटली. आगीतून फुफाट्यात आलो ते असे.

मग उरला मधला स्क्रू. तो आवळला की पातं जागेवर राहतं, ढिला केला की फिरतं. मी डिसमिस घेऊन बसले आणि दोन बाजूंनी वाटाघाटी सुरू झाल्या.

"आवळ," आत्या.

"जाम झालंय, सोड जरा," मामा.

"सोडतीस कुठं? आवळ म्हनलं न्हवं?"

माझ्या नवऱ्याला चपलेचा अंगठा शिवून द्यायला वर्ष लावणारं हे घर, एका स्क्रूसाठी अर्धी दुपार बसलं. अखेर आत्या जिंकल्या, नेहमीसारख्या. चाकू असा घट्ट झाला की खिशात काय, विहिरीत टाकला तरी उघडला नसता.

दुसऱ्या दिवशी जेवणं झाली. परड्यातला पेरू मामांनी स्वतः आणला. चाकू काढला, शेपूट ढकललं. पातं हलेना. डाव्या हातात चाकूची मूठ धरून बघितली, ती घसरली. गुडघ्यांत धरली, घसरली. मानेच्या शिरा दिसायला लागल्या. मी उठणार होते, पण त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की मी परत बसले. आता हा माणूस पेरू ठेवून देणार आणि पुन्हा कधी हात लावणार नाही, असं मला वाटलं.

आत्या सरकत जवळ आल्या आणि त्यांनी चाकूची मूठ आपल्या मुठीत धरली. "वढा."

आमच्याकडं धारेची वस्तू एकानं दुसऱ्याच्या हातात देत नाहीत. विळी असो, सुरी असो, खाली ठेवायची, मग दुसऱ्यानं उचलायची. नाहीतर दोघांत भांडण लागतं. आत्यांनी हा नियम मला लग्नाच्या पहिल्याच आठवड्यात ओरडून शिकवला होता. आणि आता मूठ त्यांच्या हातात, पातं मामांच्या चिमटीत.

मामा थबकले. "भांडान लागंल."

"ऱ्हायलंय कवा?" आत्या म्हणाल्या. "वढा की, हात अवघडला."

मामांनी ओढलं. पातं उघडलं. फोडी झाल्या, झाकण सरकलं, आणि आत्यांनी पेरू खाल्ला. दाताचं नावही काढलं नाही.

पुढच्या सुट्टीत दिरांनी चाकूची ती दशा बघितली आणि कपाळाला हात लावला. जाताना म्हणाले, पुढच्या वेळी दुसरा आणतो. आणलाही. एका बोटानं अलगद उघडणारा, न उडणारा, मिटला की मिटून राहणारा. मामांनी तो उघडून बघितला, चार वेळा मिटला, "लय भारी" म्हणाले आणि ट्रंकेत घालून कुलूप लावलं.

दुपारी जेवणं झाली. मामांनी बंडीतून जुना चाकू काढला आणि स्वयंपाकघराकडं तोंड करून हाक मारली, "आगं ए, धर की जरा."

आत्या भाकरीची परात धूत होत्या, ओले हात तसेच घेऊन गेल्या.