धाकू घाडीने शिकवलेले शब्द

मरोळच्या आमच्या चाळीत लोक दोन भाषा बोलत: एक घरची, दुसरी धाकू घाडीची. गिरणी बुडाल्यावर धाकू इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये वॉचमन झाला आणि उरलेला वेळ दारात स्टूल टाकून सरकारला नावं ठेवू लागला. नवी योजना म्हणजे ‘गाजर’. नगरसेवकाचं आश्वासन म्हणजे ‘कोपराला गूळ’. सर्व्हे म्हणजे ‘सेटिंग’. भूमिपूजनाला तो ‘नारळाचा खून’ म्हणायचा. बरं, बहुतेक वेळा तोच खरा ठरायचा. नळासाठी तीन नारळ फुटले, पाणी टँकरचंच राहिलं. मग पोरंटोरंही तसंच बोलू लागली. त्याचा मुख्य धडा एकच: कुणाच्या कागदावर सही करायची नाही.

सहा वर्षांपूर्वी मतदारयादी तपासायला एक बाई आल्या. धाकू घाडी कोण, म्हणून त्यांनी विचारलं. स्टुलावरून न उठता हा म्हणाला, “धाकू मेलो. लिवा आणि जावा.”

चाळ हसली. मीही हसले. बाईंनी लिहून घेतलं.

पुढे चाळ पुनर्विकासात गेली. मतदारयादीवरून पात्रतेची यादी लागली. तिच्यात नाव असेल त्यालाच नवी खोली. धाकूच्या नावापुढे ‘मयत’. त्याची बायको वनमाला रडत बसली आणि हा ‘सेटिंग’ म्हणत ऑफिसात गेला. तिथे सांगितलं, आठ दिवसांत दोन पात्र शेजाऱ्यांच्या सह्या आणा, की हा जिवंत आहे आणि इथेच राहतो.

बावन्न खोल्या. धाकू एकेक दार फिरला. लवू म्हणाला, काका, तुम्हीच तर शिकवलंत. कुंदाला त्यात बिल्डरचा डाव दिसला. रेवतीने दार उघडलंच नाही, आतूनच विचारलं, “मेलेला माणूस सही मागायला येतो काय, काका?” आत सगळी खिदळली. वाचता न येणाऱ्या म्हाताऱ्या गुणाजीने तेवढा अंगठा दिला.

आठव्या दिवशी तो माझ्याकडे आला. चाळीचे फॉर्म मीच भरायची, बी.ए. ना मी. भरला. खाली बारीक अक्षरात छापलं होतं: माहिती खोटी आढळल्यास सही करणाऱ्याचीही पात्रता रद्द. माहिती खोटी नव्हती. माहिती समोर बसून चहा पीत होती. पण सरकारदरबारी तो मेलेला, आणि माझं नाव यादीत अठरावं. मी पेन नुसतं धरून बसले.

धाकूने कागदाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“ठेव ता पेन, बाय. तुझ्या जागार मी पण सही करूचंय नाय.”

मी ठेवलं. चहा संपवून तो उठला.

आता मी सातव्या मजल्यावर राहते. धाकू आणि वनमाला मनोरीला कुणाचा तरी बंगला राखतात म्हणे. परवा लिफ्ट पुन्हा बंद पडली. दुरुस्तीचं आश्वासन ऐकून रेवतीची नात म्हणाली, “कोपराला गूळ.” हे कुठे शिकलीस, म्हणून विचारलं. सगळेच म्हणतात, म्हणाली.

मी जिना चढू लागले.